पोवळ्याच्या बेटाचे सात भाग

सुगंधा माय,

तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं न्हाई. मी पिंगळीच्या ठेसनावर चाललोय. दुपारच्या गाडीनं जावईबापू तुला न्यायला यायलेत. तू अशी अचानक माहेरी का आलीस, ते तुझी माय म्हणली विचारू नका. म्हणून विचारत न्हाई.

पोवळ्याच्या बेटाच्या पुस्तकाचे सातही भाग माळ्यावरून काढून तुझ्या उशाशी ठेवलेत. लहानपणी ह्याच्यावरच तू वाचायला शिकलीस. आता पुन्हा पहिल्यापासून वाच. माणसं तशीच हायेत, कासव अजून पाटीलकी करायलंय. तिसऱ्याचा शेवट तेवढा उंदरांनी खाल्लाय. तिथं मी सांगायचो तोच खरा धर, मी त्या बेटावर मुक्कामाला होतो. तुझी माय हसंल, तिकडं ध्यान देऊ नको.

तुला जायचं असंल तर आपल्या सटवाजीला बैलगाडी घेऊन ठेसनावर धाड, मी जावयाला घरी आणतो. मनात नसंल तर धाडू नको. मग मी बाकड्यावर बसून त्यायला बेटाची गोष्ट सांगायला घेतो. ते उर्दू शाळेत शिकलेले, त्यायनी हे वाचलेलं न्हाई. शिवाय लय अदबीचे. सासरा बोलायलाय म्हणल्यावर मधीच उठायची त्यांची हिंमत न्हाई. परतीची गाडी लागंल तवा मी दुसऱ्याच भागात असंन. उरलेले पाच ऐकायला पुढच्या महिन्यात या म्हणंन, आन् डब्यात बसवून देईन.

तुझा बाप,
लिंबाजी