हिरव्या किनारीचा बोळा

बुधवार, दिवेलागण

हा मेकॅनिक दत्ता एक नंबरचा लबाड! आमच्या जुन्या जीपचा हीटर भर उन्हाळ्यात बंदच व्हईना, म्हणून दुरुस्तीला दिली. म्हणे, सगळं बराबर केलं. आज कुरुंद्याहून येताना माझा पाय भाजला. इंजिन आन् पायामधल्या पत्र्याला हीटरची नळी काढलेलं भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. ओढला, तर हिरवी किनार. माझ्या मेलेल्या मायनं शिवलेली गोधडी कापून कोंबलेली!

दत्ता म्हणतो, "वैनी, मालकानंच दिली."

आमचे हे म्हणतात, "मी काहून देऊ? त्यानंच घेतली."

आता कोण शिवून देणार मला? हिरवी किनार उशाखाली ठेवलीय. खरं नाही सांगितलं, तर दोघांलाबी त्याच पत्र्यावर अनवाणी पाय ठेवायला लावून भर दुपारी कुरुंद्याला नेते. रविवारपर्यंत सांगा दोघं, गोधडीवर कात्री कोणी चालवली?