परतीचा ट्रक

शनिवार संध्याकाळ, मॉरिसव्हिल

आज शेजारच्या वॉल्टरकाकांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. वय शंभरीच्या जवळ, त्यात खुब्याचं ऑपरेशन. गाडीला जरासा दचका बसला तरी ते डोळे घट्ट मिटायचे, म्हणून मी अगदी हळू ड्राइव्ह करत होते. मागचे हॉर्न मारत होते. मारू देत.

मग काका आपणहून बोलायला लागले. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौज उतरली तेव्हा ते ट्रक चालवायचे. किनाऱ्यावरून पुढच्या डिव्हिजनला तोफगोळे न्यायचे आणि परतताना रिकाम्या ट्रकमधून जखमींना आणायचे. वेगात आणलं तर मागची मुलं कळवळून ओरडायची. हळू आणलं तर पुढे लढणाऱ्यांचे गोळे संपायचे.

"मग काय करायचात?" मी विचारलं.

"वेगातच चालवायचो आणि मोठ्यांदा गाणी म्हणायचो. त्यांचं ओरडणं मला ऐकू येऊ नये म्हणून. त्यांना वाटायचं, मी त्यांच्यासाठी गातोय. एकजण तर उतरवताना थँक यू म्हणाला."

थोडं तरी त्यांच्यासाठीच गात असाल ना, काका? हे तेव्हा म्हणायला हवं होतं. सिग्नल हिरवा झाला तरी मी त्यांचा हात धरून बसले होते.