भर समुद्रातून गोंडीत

शनिवार, संध्याकाळ. जहाजावर.

सुट्टीत काम नको, असं मीच सुनंदाला बजावून आणलं होतं. तरी दुपारी गडचिरोलीच्या दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आलाच. गोंडी बोलणाऱ्या पेशंटचं म्हणणं डॉक्टरांना सांगायचं, हे तिचं काम. एका आजीचं पोटाचं ऑपरेशन आजच व्हायला हवं होतं आणि आजी कोणाला हात लावू देत नव्हती.

खोलीत इंटरनेट टिकेना, म्हणून ही डेकवर गेली. वाऱ्याचा आवाज जाऊ नये म्हणून फोनभोवती पदर धरून बसली. मी मागोमाग गेलो, चिडूनच. कशाला चिडलो होतो, देव जाणे.

ऑपरेशनचं काही निघेचना. दोघींचं नुसतं बोलणं आणि मधूनमधून हसणं. हात अवघडला असेल, पण पदर तसाच धरलेला. मग तिने पदर बाजूला केला आणि आजीला समुद्र दाखवला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"इतका मोठा तलाव कोणत्या गावचा, म्हणून राह्यली."

"आणि ऑपरेशन?"

"हो म्हणाली. तिले ऑपरेशनचं भेव नव्हतंच. सकाळपासून तिच्याशी बोलाले कोणी नव्हतं."

आत्ता नर्सचा मेसेज आला. ऑपरेशन नीट झालं, आजी शुद्धीवर आहे. सुनंदाने तो दोनदा वाचला आणि जेवायला चला म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली. हिला काम करताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.