चोरीला गेलेला रखवालदार

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. बोलण्यासारखा माणूस उरलेला नाही, म्हणून कागद.

वाचनालयाच्या दारातला काळा बोर्ड अकरा वर्षं माझ्या हातात आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचं, एका कादंबरीचं नाव लिहायचं, खाली चार ओळींत ती का वाचावी ते. खडूसुद्धा माझा. दर मार्चला मात्र दीपगृहाचीच कादंबरी. ती मी दर मार्चला नव्याने वाचतो आणि नव्याने सुचवतो. आज गेलो तर बोर्डाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे मी, उजवीकडे गावातला दंतवैद्य आणि त्याने सुचवलेली कादंबरी.

ग्रंथपालबाईंना विचारलं, हा काय प्रकार. म्हणाल्या, लोकांना चॉईस नको का. मी म्हटलं, माझी चॉईस असताना लोकांची कशाला. त्यांनी दीपगृहाच्या कादंबरीचं मागचं कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. अकरा वर्षांत अकरा नोंदी. अकराही माझ्या. मी म्हटलं, दर्जा कार्डावर दिसत नसतो.

शेवटी ठरलं ते असं. ३० तारखेला सभा. दोघांनी पंधरा-पंधरा मिनिटं आपापल्या कादंबरीवर बोलायचं, मग हात वर. हरेल त्याने बोर्ड सोडायचा. कायमचा.

संकल्प: राग आवरणे. दातओठ न खाणे (उजवी दाढ ठणकते). दंतवैद्याची कादंबरी वाचून तिचा भुगा करणे.

३ मार्च, सोमवार

राग आवरला नाही.

कारखान्यात माझं काम तपासणीचं. बोल्ट मापात असला तर हिरवा डबा, नसला तर लाल. आज दुपारपर्यंत तीनशे चाळीस लाल डब्यात. साहेब म्हणाले, माल एवढा बिघडलाय? मी म्हटलं, माणसं बिघडलीत, माल कुठून चांगला येणार. त्यांनी स्वतः मापून तीनशे अकरा परत हिरव्यात टाकले. साहेबांना नजर नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक खोट सुटलेली नाही.

६ मार्च, गुरुवार

दीपगृह संपवलं. बाराव्यांदा.

सभेसाठी मुद्दा लिहून ठेवतो. पूर्वार्धात दीपगृहाचा लंगडा रखवालदार, त्याचा एका कानाचा कुत्रा आणि समुद्रावरून परत न आलेला भाऊ. पान २०८ वर वादळ येतं, रखवालदार दिवा लावायला जिना चढू लागतो. नजर समोरच्या पानावर न्यावी तर २०९ वर एक शिंपी आपलं हिरवं शिलाई मशीन कोणी नेलं म्हणून डोकं धरून बसलाय. रखवालदार गायब. कुत्रा गायब. अख्खा समुद्र गायब. शेवटपर्यंत त्यांचा उल्लेख नाही. याला म्हणतात छाती. दुसऱ्या कोणी लेखकाने रखवालदाराला वर नेऊन दिवा लावला असता. याने वाचकाला अंधारात जिन्यावर सोडून दिलं. दर वेळी अंगावर काटा येतो.

पुस्तक अजून कोरं. डाग नाही, दुमडलेलं पान नाही. दर्दी वाचक पुस्तक जपतो.

८ मार्च, शनिवार

दंतवैद्याच्या लोकप्रियतेचं गुपित कळलं. हा माणूस पेशंटला खुर्चीत आडवा करतो, तोंडात यंत्र घालतो आणि मग कादंबरी सुचवतो. त्या अवस्थेत कोण नाही म्हणणार. सगळे "हं" म्हणतात आणि बाहेर पडून थेट वाचनालयात जातात. गालाला हात लावून पुस्तक मागणारे चार जण मी आज स्वतः पाहिले.

बायको म्हणाली, तू पण जाऊन ये, दाढ दाखव. मी म्हटलं, त्याच्या खुर्चीत बसण्यापेक्षा दाढ उपटून खिशात घालून फिरेन.

९ मार्च, रविवार

दंतवैद्याच्या कादंबरीच्या वाचनालयात चार प्रती. तीन बाहेर. एकच कपाटात, मजबूत नव्या पुठ्ठ्याची. ती आणली. ग्रंथपालबाई मागून काहीतरी सांगत होत्या, या प्रतीत म्हणे काहीतरी. मी थांबलो नाही. त्यांचं ऐकून घेण्याचे दिवस संपले.

पुस्तकाची दशा बघून संताप आला. पान २०८ च्या तळाशी पेन्सिलीने खरडलंय: "इथून पुढे दुसरी प्रत घ्या." त्याखाली वेगळ्या अक्षरात: "खरंच घ्या." त्याखाली: "मी घेतली नाही, पस्तावलो." सार्वजनिक पुस्तक म्हणजे यांना भिंत वाटते. खोडरबर घेऊन सगळं साफ केलं. पाऊण तास लागला. आभार कोणी मानणार नाही.

१३ मार्च, गुरुवार. पहाटे

झोप उडाली आहे. रागाने नाही, आनंदाने. म्हणजे रागानेच.

दंतवैद्याची कादंबरी चोरीची आहे.

पान १: शिंपी. पान ७: हिरवं शिलाई मशीन. पान ४०: शिंप्याची ती कजाग मेहुणी. सगळं माझ्या कादंबरीच्या उत्तरार्धातून जसंच्या तसं उचललेलं. पान २०८ पर्यंत मी दात खात वाचलं. (वेगवान आहे, हे मान्य. चोराचे पाय वेगवानच असतात.) आणि २०९ ला तर लेखकाने लाजच गुंडाळून ठेवली. लंगडा रखवालदार. एका कानाचा कुत्रा. जिना. इकडे मशीन सापडायच्या बेतात आलेलं, आणि मध्येच हा माझा रखवालदार आणून उभा केला. चोरला तो चोरला, वर नासवला. पाच पानांत पुरावा मिळाला, ठेवून दिलं. चोरीचा माल शेवटपर्यंत चाखायचा नसतो.

दोन्ही पुस्तकांचा प्रकाशक एकच, टाईप एकच, कागदही एकच. म्हणजे प्रकाशक सामील. एकच अडचण, दंतवैद्याची कादंबरी माझ्या कादंबरीच्या तीन वर्षं आधी छापलेली आहे. मागची तारीख टाकली असणार. चोर तेवढं करतोच.

१५ मार्च, शनिवार

बायकोने दीपगृह वाचलं. लग्नाच्या बावीस वर्षांत माझ्या शिफारशीचं पहिलं पुस्तक. दोन दिवसांत संपवलं आणि विचारलं, त्या रखवालदाराचं पुढे काय झालं?

मी तिला आधुनिक कादंबरीतल्या पोकळीबद्दल सांगितलं. चाळीस मिनिटं. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, पोकळी राहू दे, हा शिंपी दंतवैद्यांच्या पुस्तकातला आहे, ते मी मागेच वाचलंय. मी म्हटलं, बरोबर, चोरलाय. म्हणाली, अरे चोरला कसला, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेव आणि २०९ पान उघड.

मी म्हटलं, माझं पुस्तक त्या पुस्तकाच्या शेजारी ठेवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

म्हणाली, बरं.

तिचं "बरं" मला आवडलं नाही.

२२ मार्च, शनिवार

साम्यस्थळं: सत्तेचाळीस. कारखान्यातल्या तपासणीच्या तक्त्यावर भरली. डावीकडे मूळ माल, उजवीकडे चोरीचा, शेवटी शेरा: रिजेक्ट. साहेबांनी पाहिलं, विचारलं, हा कुठला बोल्ट? मी म्हटलं, हा बोल्ट नाही, स्फोट आहे. त्यांनी मला दोन दिवस रजा घ्यायला सुचवलं. घेतली. तयारीला वेळ मिळाला.

दाढ: उजवा गाल सुजला आहे. भाषणात भारदस्तपणा येईल.

२९ मार्च, शनिवार

उद्या. भाषण अठरा मिनिटांचं होतंय. दंतवैद्याच्या वेळातली तीन घेईन, त्याला तसं बोलायला काय आहे.

बायको म्हणाली, अजून वेळ आहे, ते पान बघ. मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूची? म्हणाली, मी पहिल्या रांगेतली.

३० मार्च, रविवार. रात्री

शांतपणे लिहितो.

सभेला साठेक माणसं. निम्मी दंतवैद्याची पेशंट, हसताना ओळखू येतात. तो आधी बोलला. सहा मिनिटं. म्हणाला, मला साहित्यातलं कळत नाही, मला मशीन कोणी नेलं ते कळेपर्यंत झोप आली नाही, एवढंच. टाळ्या. असल्या भाषणाला टाळ्या.

मग मी. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली, मध्ये एक वीतभर अंतर राखून. सत्तेचाळीस साम्यस्थळं एकेक करून वाचली. एकोणिसाव्याला सभागृह चिडीचूप. मला वाटलं, जिंकलो. शेवटी म्हटलं, या दोन पुस्तकांना जोडणारा हात कोणाचा, हे वाचकांनी मला विचारावं.

मागून कोणीतरी म्हणालं, माझा.

वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवणारा म्हातारा बायंडर. महिन्याचा गठ्ठा न्यायला आला होता आणि फुकट पंखा मिळतो म्हणून थांबला होता. पुढे आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन्ही पुस्तकं २०८ वर उघडून शेजारी ठेवली. मी अंतर राखायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ही शिवण माझीच. बारा-तेरा वर्षं झाली असतील. दोन्ही एकदम आली होती, मधोमध तुटलेली, सारखीच उंची, सारखाच टाईप. चार तुकडे टेबलावर मांडले आणि जेवायला गेलो. परत येऊन आकडे जुळवले, २०८ ला २०९. आकडे जुळले की आम्ही शिवतो. आम्ही वाचत बसलो तर शिवणार कोण?

ग्रंथपालबाई म्हणाल्या, यातल्या एका प्रतीबद्दल सगळ्यांना माहीत होतं, पेन्सिलीने लिहिलेलंही होतं. खोडलं कोणी कोण जाणे. मी पाणी प्यायलो.

बायंडर म्हणाला, पण मग दुसरीबद्दल इतक्या वर्षांत एकही माणूस कसा नाही बोलला?

ग्रंथपालबाईंनी कार्ड काढलं. वाचून दाखवायची काही गरज नव्हती. बारा नोंदी, बाराही वेळा तेच नाव, एवढा वेळ कशाला घालवायचा सभेचा.

बायंडरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. साहेब, बारा वेळा? तुम्हाला सापडलं नाही?

पहिल्या रांगेतून आवाज आला: सापडलं होतं. सांगितलंही होतं. दोनदा.

मी सभेला स्पष्ट सांगितलं की मला सुरुवातीपासून संशय होता आणि चूक चारचौघांसमोर सिद्ध व्हावी म्हणूनच मी हा सगळा घाट घातला. कोणी हसलं नाही. दंतवैद्य टाळ्या वाजवायला लागला, मनापासून. ते जास्त वाईट.

हात वर. दंतवैद्याला अठ्ठावन्न. मला एक, बायंडरचा. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाला, साहेब, इतकी वर्षं शिवतोय, माझ्या कामाचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

बोर्डावरची रेघ पुसली आहे. दंतवैद्याने पूर्ण बोर्डभर एकच ओळ लिहिली: "दीपगृहाची कादंबरी वाचा. आता ती पूर्ण आहे."

माझी कादंबरी. त्याच्या अक्षरात. खडू माझाच, मी विसरून आलो होतो.

आठवड्यात वेटिंग लिस्टवर तेरा नावं. माझा नंबर चौदावा. ग्रंथपालबाईंना म्हटलं, अकरा वर्षांची माझी सेवा बघा. म्हणाल्या, तुम्ही वाचलीय ना?

१७ एप्रिल, गुरुवार

बायकोचा नंबर तिसरा होता, त्यामुळे पुस्तक घरात आलं. ती कामात असताना मी वाचतो. पान २०९. रखवालदार जिना चढतो. वर दिवा लागत नाही. तो हाताने वात पेटवत रात्रभर उभा राहतो आणि कुत्रा खालच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत भुंकत राहतो. पोकळी वगैरे काही नाही.

चांगलं आहे. पान २३१ पर्यंत आलो. कारखान्यात आज एकही बोल्ट लाल डब्यात टाकला नाही. साहेबांनी सगळा माल परत तपासायला लावला.

कोणाला तरी सांगावंसं वाटलं की हे वाचा. बायकोला सांगायला गेलो. म्हणाली, मी कालच संपवलं.

शेवट सांगू नकोस, म्हटलं. म्हणाली, मी तुला सांगायचं सोडलंय.

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी

दाढ काल रात्री सहनशक्तीच्या बाहेर गेली. जवळपास दंतवैद्य एकच.

खुर्ची मागे टाकली. तोंडात यंत्र, दोन्हीकडे कापूस, वर डोळ्यात दिवा. दंतवैद्य वाकून म्हणाला, काय कादंबरी आहे हो, तुमचे किती आभार मानू. मी म्हटलं, हं. म्हणाला, आणि तो शेवट. मी हात हलवला. त्याला वाटलं, दुखतंय. आणखी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, भाऊ सात वर्षांनी परत येतो आणि कुत्रा त्याला ओळखत नाही, तिथे मी रडलो हो. तुम्ही पण रडला असाल?

मी म्हटलं, हं.