जीपला दोन खण

२ जानेवारी १९५७, बुधवार

नव्या वर्षाचा संकल्प: भाराभर संकल्प करायचे नाहीत. एकच करायचा, पण तडीस न्यायचा. कोणता ते काल सुचत नव्हतं. आज तो आपल्या पायांनी दारात आला.

खालच्या मजल्यावरची नलू आली होती. शाळेत शिकवते, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बायकांच्या तुकडीची पुढारी आहे. उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, संक्रांतीला आम्ही जीप घेऊन निघतोय. संगमेश्वराकडची आडगावं. रथसप्तमीपर्यंत गावोगाव हळदीकुंकू करायचं आणि बायका जमल्या की तिथंच सभा. इलेक्शन तोंडावर आलंय. जीपसाठी खण जमतील का बघा ना."

मी म्हटलं, जमतील काय, जमले म्हणून समज. दोन पुरेत ना?

तिचा चेहरा पडला. "दोनच?"

म्हटलं, दोनच, पण असे की तुमचं सगळं सामान आत मावेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. जिना उतरताना वळून पुन्हा बघितलं. भारावली असावी.

ही स्टोव्हपाशी होती. म्हणाली, "अहो, ओटीचे खण मागत्येय ती. चोळीचे." हिला खण म्हटलं की चोळीच दिसते. मी विचारलं, जीप काय चोळी घालते? ती स्टोव्हला पंप मारायला लागली. पटलं असणार.

डिझाइन डोक्यात तयार आहे. जीपच्या मागच्या बाजूला लाकडी घर, घरात शेजारी शेजारी दोन खण, टेबलाच्या खणासारखे. ओढले की बाहेर, ढकलले की आत. पुढून एकच आडवी पट्टी आणि पट्टीला कुलूप. जीप कितीही उधळली तरी आतलं सामान आत. मिलच्या स्टोअर्समध्ये माझं आयुष्य गेलं. तिथं सुईसुद्धा कुलपाबाहेर राहिली नाही. सुतारकाम शिकलो नाही, पण चोरबाजारातून आणलेलं एक पुस्तक आहे. पुस्तक इंग्रजी आहे. मी चित्रं बघतो. चित्रं मराठीच असतात.

कुलपाची किल्ली एकच ठेवणार. माझ्या करगोट्याला. किल्ली तिथं मी. म्हणजे जीपमध्ये माझी जागा आपोआप पक्की. मी मागितली असं कुणी म्हणायला नको.

गेल्या वर्षी चळवळीत सगळ्या चाळीचं काही ना काही झालं. कुणी लाठी खाल्ली, कुणी अश्रुधूर. शेजारचा शामराव तर तुरुंगात जाऊन, वजन वाढवून आला. माझं काहीच झालं नाही. मोर्चाच्या दिवशी भारतमाता टॉकीजपाशी चपलेचा अंगठा तुटला. चांभार म्हणाला, दोन मिनिटं. तेवढ्यात मोर्चा गेला. चांभारसुद्धा गेला.

४ जानेवारी, शुक्रवार

परळला जाऊन जीप बघितली. लढाईतली, लिलावात घेतलेली, मागून वाढवलेली. ड्रायव्हर रघुवीर गाडीखालूनच बोलत होता. "काका, ही गाडी हाय, कपाट नाय. रस्ता संपला की ही चालू होते. नदी, नांगरट, काय पण. मागे काय ठेवायचं ते ठेवा, फक्त खडखड नको. डोकं फिरतं आपलं."

टेप न्यायला विसरलो होतो. अडलं नाही. छत्रीनं माप घेतलं: लांबी पावणेदोन छत्री. माझी छत्री मुठीपाशी मोडल्यापासून मापाला फार सोयीची झाली आहे.

संध्याकाळी. छत्री परळला राहिली. हरकत नाही. शामरावाची आणली. छत्री ती छत्री.

७ जानेवारी, सोमवार

लाकूड मिळालं. घरातच होतं. जेवायचे पाट अस्सल सागवानी निघाले. हिच्या माहेरचे. हिला म्हटलं, महाराष्ट्रासाठी एवढं करायला नको? ही म्हणाली, "महाराष्ट्र जेवायला कशावर बसणार?" मी पाट उचलून गॅलरीत गेलो. पलंगाच्या फळ्या मी त्याआधीच काढल्या होत्या, तो विषय निघायला नको होता.

आजपासून जमिनीवर झोप. पाठीला उत्तम म्हणतात.

ही हल्ली दुपारची घरी नसते. चाळीत घरोघर हिंडते आणि येताना पदराखाली काहीतरी घेऊन येते. विचारलं तर म्हणते, "तुमचं चालू द्या." माझ्या कामाची जाहिरात करत असावी. बोलून दाखवत नाही, पण अभिमान आहे.

९ जानेवारी, बुधवार

गॅलरीत काम जोरात. झोप नाही, भूक नाही, बसवत नाही. उठतो, फळी बघतो, पुन्हा बसतो.

पहिला खण घरात ढकलला तर गेला. बाहेर येईना. साबण लावला. आला, पण माझ्यासकट आला. कठड्याला पाठ लागली म्हणून थांबलो.

शामराव छत्री मागायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "गंगाधरा, ह्यां काय केलंस? अरे, जीप ह्या खणाक ओढतली काय खण जीपीक?" हसत हसत सगळ्या गॅलरीला बोलावलं. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला काय बोलणार. छत्री मात्र दिली नाही. काम संपेपर्यंत माप बदलून चालत नाही.

११ जानेवारी, शुक्रवार

आज टेस्ट. आडगावचा रस्ता लालबागमध्ये कुठून आणणार? जिना आहे. एका खणात हिचा तवा, खलबत्ता आणि दोन विटा भरल्या, कुलूप लावलं आणि दोरीनं बांधून अख्खं घर जिन्यावरून खाली सोडलं.

कुलूप जागचं हललं नाही. खणाचा तळ निघाला.

खलबत्ता नलूच्या दारात थांबला. नलूच्या सासूबाई अजून बोलतायत. मी शांत आहे. टेस्ट याचसाठी करतात.

दोष खिळ्यांचा. खिळा लाकडाला दुखावतो. विचार करत गॅलरीत उभा होतो तेव्हा समोर भिंतीवर चळवळीतल्या आपल्या पोरांनी लावलेलं पोस्टर दिसलं. वर्ष झालं, कितीजणांनी खरवडलं, निघत नाही. कशानं लावतात? कणकेच्या खळीनं! दोन्ही तळांना ताबडतोब खळ लावली. ही डब्यात कणीक शोधत होती. सांगितलं नाही.

१३ जानेवारी, रविवार, सकाळी

खळ खडखडीत वाळली. तळावर उभा राहिलो. हलला नाही. पुस्तकात खळीचं चित्र नाही. हा शोध माझा.

दुपारी

माझं सामान उजव्या खणात भरून ठेवलं. मफलर, धोतरजोडी, चष्मा, आणि सभेत मागणी झालीच तर असावं म्हणून लिहिलेलं भाषण. भाषण मोठं झालं आहे, पण बायका सोशिक असतात.

कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला. कुलूप उघडून बघितलं. पुन्हा लावलं. उद्या या वेळेला मी पनवेलच्या पुढे.

पुन्हा एकदा उघडून बघितलं.

१४ जानेवारी, सोमवार, संक्रांत

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी जीप चाळीपुढे आली. चाळीतल्या माणसांनी खणांचं घर खाली नेलं. तुकडीतल्या बायका हळदीकुंकवाचे करंडे, तिळगुळाचे डबे आणि कर्णा घेऊन उभ्या होत्या. नलू म्हणाली, "काका, खण कुठायत?"

मी म्हटलं, हे काय!

नलूनं घराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग ओट्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी म्हटलं, अगं, आभार कसले मानतेस!

तेवढ्यात ही जिना उतरली. हातात भलंमोठं गाठोडं. जीपपाशी सोडलं तर आत खणच खण. हिरवे, अंजिरी, मोरपंखी, काठाचे, बिनकाठाचे. चोळीचे. चाळीतल्या एकूण एक बिऱ्हाडातून ही आणत होती. नलूनं हिला मिठीच मारली. "सुंदराकाकू, मी तर आशाच सोडली होती हो!"

म्हणजे हिचं बरोबर होतं. एका अर्थानं. पण नलूनंही सविस्तर सांगायला हवं होतं. मराठीत एका शब्दाचे इतके अर्थ ठेवू नयेत. आपलं राज्य झालं की हा प्रश्न घ्यावा लागेल.

रघुवीर म्हणाला, आणलंय तर घाला. घर आत सरकवलं, तर मागून दोन हात बाहेर राहिलं. मागचं फळकूट उघडंच ठेवून दोरीनं बांधलं. छत्रीत काहीतरी गोंधळ आहे. बाजूची बाकं काढावी लागली. बायका घरावर सतरंजी टाकून चढल्या. मीही चढलो आणि डोकं हुडाला लागलं. वाकून बसलो तर मान लागली. आडवा झालो तर बाकीच्यांना जागा उरेना.

रघुवीर म्हणाला, "काका, उतरा. तुम्ही बसलात तर हूड फाटतंय. काकू बसतील बरोबर, त्यांना उंचीचा त्रास नाय."

ही म्हणाली, "मी? माझं दूध ठेवलंय तापत." पण नलूनं हात धरून वर ओढली. हिची मान सरळ राहिली. टोपीत डोकं बसावं तशी बसली.

चोळीचे खण माझ्या खणांत भरले. दुसरीकडे जागाच नव्हती. सगळे मावले, हे लिहून ठेवतो. मी स्वतः कुलूप लावलं. मग हिनं वरून हात पुढे केला. मी किल्ली सोडून दिली. तिनं कनवटीला लावली.

जीप सुरू झाल्यावर ओरडली, "दूध उतू गेलं असेल, बघा!"

गेलं होतं.

१५ जानेवारी, मंगळवार

माझं सामान खणातच गेलं. चष्मासुद्धा. अक्षर मोठं येतंय.

जमिनीवर जेवलो. पाट नाहीत.

१८ जानेवारी, शुक्रवार

आमटीत मीठ विसरलो. शामराव येऊन बसला. म्हणाला, "बायल दौऱ्यार आणि घोव घरात. तुझां नाव पेपरात येतलां." आणि माशाची आमटी ठेवून गेला. त्याची छत्री परत केली. माझी संक्रांतीला रघुवीरनं आणून दिली होती. दोन्ही छत्र्या शेजारी धरून बघितल्या नाहीत. गरज वाटली नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

खबर नाही. घरातला आवाज इतका कधीच बंद नव्हता. ही फार बोलत नाही, पण भांडी बोलतात.

संध्याकाळी उगाच नाक्यापर्यंत गेलो. जीप येत असेल म्हणून नाही. पाय मोकळे करायला. उद्याही जाणार.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आल्या! ही काळवंडली आहे आणि मोठ्यानं बोलते.

हिच्याकडून कळलं ते असं. रस्ता संपला, नदी आली. रघुवीरनं जीप पाण्यात घातली. मध्यावर पाणी मागून आत चढलं. कुलूप हललं नाही. तळ सुटले. दोन्ही. खळ पाण्याला इतकी घाबरते हे पोस्टरवरून कळत नाही. खण वाहायला लागले. चोळीचे. हिरवे, अंजिरी, मोरपंखी, सगळी नदी रंगीत. खालच्या अंगाला गावच्या बायका धुणं धूत होत्या. त्यांनी लुगडी खोचून पाण्यात उड्या घेतल्या, एकेक खण पकडून दगडांवर वाळत घातला. "कुणाचे गो हे?" म्हणत सगळा पाणवठा जीपभोवती जमला. तेवढी गर्दी दौऱ्यात कुठं झाली नाही म्हणे. नलूचा घसा आधीच बसला होता. मग ही माझ्या खणांच्या घरावर उभी राहून बोलली.

काय बोललीस, विचारलं.

"काय बोलणार? तुम्ही घरात रोज बडबडता तेच. थोडक्यात."

माझं भाषण ओलं झालं. अक्षरं एकमेकांत गेली. मफलर गेला. चष्मा वाचला, तो हिनं वाटेतच कुलूप उघडून काढला आणि पदरात बांधला होता.

तळाबद्दल: तो मी मुद्दामच फार घट्ट केला नव्हता. असं आता वाटतं.

१० फेब्रुवारी, रविवार

नलू आली. परवा घाटावरचा दौरा. म्हणाली, "काका, आता तुमचं ते घर आम्ही खाली काढलंय. मागे ऐसपैस जागा आहे. तुम्ही चला. काकू म्हणतात, तुम्हाला घेतल्याशिवाय त्या जीपला पाय लावणार नाहीत."

मी म्हटलं, बघतो. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि स्टोव्हपाशी जाऊन हिला विचारलं, असं म्हणालीस? ही म्हणाली, "तुमच्या चपलेचा अंगठा आधी बघून घ्या."

जागा मिळाली. खणांशिवाय मिळाली. झोप येत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

अंगठा भक्कम आहे. धोतर धुतलं. नवीन भाषण, अर्ध्या पानाचं.

खणांचं घर खाली अंगणात पडलं आहे, पावसापाण्याचं. म्हणजे पाऊस नाही, पण कुलूप पितळी आहे. स्टोअर्सचा माणूस माल उघड्यावर टाकून गावाला जात नाही. शामराव म्हणाला, "थांब, चारजण बोलावतंय." म्हटलं, कशाला? जिन्यावरून ओढत आणतो. खाली गेलं होतं तसं वर येईल.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

घर वर आलं. शेवटच्या पायरीवर कमरेत काहीतरी कट्‌ वाजलं. आधी वाटलं, कुलूप.

सकाळी जीप आली. ही म्हणाली, मी नाही जात. मी म्हटलं, जा. घाटावरच्या बायका वाट बघत असतील, आणि शामराव आहे. बराच वेळ दारात उभी राहिली. मग गेली. गॅलरीतून मला दिसलं नाही, वाकता येत नाही, पण शामरावानं सांगितलं: मागे पुष्कळ जागा होती.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर हलायचं नाही, कडक फळीवर उताणं पडून राहायचं. पलंगाच्या फळ्या, पाट, घरातलं सगळं सागवान खणांत गेलेलं. तेव्हा खणांच्या घरावरच सतरंजी टाकून झोपलो आहे.

लांबी मात्र अगदी बरोबर आली आहे.