न पाहिलेले अकरा दिवस

अण्णा, आज चहा गाळताना एकदम ती सकाळ आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. जामखेडच्या कचेरीमागच्या मोकळ्या जागेत तारेच्या कुंपणात तो पर्जन्यमापक, आणि तुमची वही छातीशी धरून मी उभी. तुम्ही कारकून, पण रोज आठ वाजता पाऊस मोजून लिहायचं जादा काम तुमच्याकडे होतं. आभाळ स्वच्छ, पायाखालची माती तडकलेली. तरी तुम्ही वाकता, नरसाळं उचलता, आतली बाटली काढता आणि काचेच्या मापात पालथी करता. थेंब पडत नाही. तुम्ही माप डोळ्यांच्या रेषेत धरून बघता आणि मग लिहिता, शून्य. पायरीवर बसलेला शिपाई हसतो. "रावसाहेब, आभाळ कोरडं ठाक हाय. हितं बसूनच लिवा की. सरकारनं बी लई भारी मानूस ठेवलाय, शून्य मोजाया!" तुम्ही पेनाचं टोपण लावत म्हणता, "अरे, शून्य आहे हे तुला बसल्या बसल्या कसं कळलं? शून्यसुद्धा जाऊन बघावं लागतं."

पुढे तुम्ही मला नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलंत. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत सिस्टरांनी हवामानाची वही करायला सांगितली, रोज सकाळची नोंद. मी समास आखले, शिसपेन्सिलीला टोक काढून आकडे काढले, तुमच्यासारखे, एकाखाली एक. भाऊबीजेला आईबरोबर खर्ड्याला मामाकडे दोन दिवस गेले आणि परत आल्यावर त्या दोन दिवसांपुढे शून्य लिहून टाकलं. तुम्ही वही चाळताना तिथेच थांबलात.

"खर्ड्याला बसून इथलं कसं दिसलं ग तुला?"

"पाऊस नव्हताच, अण्णा. तुमच्या वहीत बघा, शून्यच असेल."

"शून्यच आहे. आकडा बरोबर आहे. पण तो तुझा नाही." मग हळू आवाजात, "पाहिलं नसेल तर तसं लिहावं. त्यात कमीपणा नाही."

मी रडत रडत दोन्ही शून्यांवर रेघ मारली आणि पुढे 'पाहिले नाही' असं लिहिलं. शाळेत सिस्टरांनी ती पानं वर्गाला दाखवली. "एवढी सुंदर वही, आणि दोन दिवस आळस!" सगळ्या मुली हसल्या. पहिला नंबर दुसरीला गेला. तिची वही भरलेली होती, एकही जागा मोकळी नाही. पुढच्या सुट्टीला घरी आले तेव्हा मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज माझ्या पेन्सिली तासून ठेवत होतात, तेवढंच.

पण अण्णा, माझी सगळी नोकरी त्या दोन ओळींवर झाली. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे काय, मटकीला मोड आले का ते रोज बघायला लावलं. कोंब पट्टीनं मोजायचा, पट्टी शून्यावरूनच लावायची, डोळा सरळ ठेवायचा. दर वर्षी कुणीतरी रविवारचा आकडा मनानंच लिहून टाकायचं, आणि मी त्याला जवळ बोलावून विचारायची, "रविवारी शाळेत आला होतास?" मग तो ओशाळून 'पाहिले नाही' लिहायचा, आणि मी त्यालाच वर्गासमोर शाबासकी द्यायची. माझ्या वर्गात त्याला कुणी हसलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

दुसरंही एक राहिलंय, आणि ते सांगायलाच बसलेय. निवृत्तीनंतर तुम्ही आपल्या अंगणाच्या टोकाला स्वतःचा पर्जन्यमापक बसवलात. वह्यांवर वह्या भरल्या. आई गेली, काचबिंदूनं डोळे गेले, तेव्हा शेजारची मुलगी आकडा वाचून लिहायची. तुमच्या शेवटच्या जूनमध्ये मी रजा काढून तुमच्यापाशी आले आणि वही माझ्याकडे आली. तुम्ही अंथरुणाला खिळलेले. मी स्वयंपाकघरात, गॅसवर तुमची पेज, तुमच्या गोळ्या, तुमचे कपडे भिजत घातलेले. आठ वाजले की तुमचा आवाज यायचा, "किती?" मी तिथूनच सांगायची, "शून्य, अण्णा." "वाकून पाहिलंस?" "हो." अकरा दिवस. अंगणाचं टोक तीस पावलांवर होतं.

त्यातल्या एका सकाळी तुम्ही म्हणालात, "पहाटे पत्र्यावर टपटप वाजल्यासारखं वाटलं ग." मी पेज ढवळत होते. दारातून दिसत होतं तेवढं अंगण कोरडं होतं. म्हणाले, "भास झाला असेल, अण्णा." तुम्ही म्हणालात, "असेल. शून्य लिही."

त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात. तेरावं झाल्यावर मी अंगणात गेले, नरसाळं उचललं. बाटलीत दोन बोटं पाणी होतं. कुठल्या दिवसाचं, हे आता कोण सांगणार? डोळे गेल्यावर तुमच्याकडे कानच उरले होते, अण्णा. ते बरोबर असतील, आणि मी तुम्हाला ते खोटे ठरवायला लावले.

आता इतक्या वर्षांनी जामखेडचं घर रिकामं करतेय. काचेचं माप आणि पर्जन्यमापक मी शिकवत होते त्या शाळेला द्यायचं ठरवलंय. तुमची लाकडी पट्टी माझ्या नातीला. ती समास हातानंच आखते, वाकडेतिकडे. तुमचा चष्मा कुणालाच नाही, तो माझ्यापाशी राहील. वह्या मात्र शाळेतल्या नव्या विज्ञानाच्या बाई मागताहेत. मुलांकडून सगळ्या वर्षांचा पाऊस एका मोठ्या तक्त्यावर काढून घ्यायचाय त्यांना. "तुमच्या वडिलांचा आकडा म्हणजे डोळे मिटून घ्यायचा," असं त्या म्हणतात. त्या अकरा ओळी माझ्या अक्षरात आहेत. त्यांवर रेघ मारायची, पुढे दोन शब्द लिहायचे, एवढंच काम. हजारभर मुलांकडून करून घेतलं असेल मी ते.

परवा बाई वह्या न्यायला आल्या तेव्हा बाकीच्या सगळ्या बांधून दिल्या आणि सांगितलं, शेवटची कुठे सापडत नाही. अण्णा, हे पत्र मी तिच्याच उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहितेय.