आयोडीनच्या वाफेतला अंगठा

३ सप्टेंबर, विल्यांडी
आले एकदाची! प्रयोगशाळा जुन्या दूधडेअरीत आहे, खिडकीबाहेर सफरचंदं लगडलीत. बाटल्या धुणाऱ्या लेइडाताईंनी काळ्या पावाबरोबर खारवलेला मासा आग्रहाने वाढला. मालक उर्मास म्हणाले, आमचा काढा रोज पीत जा केर्तू, गावातले डॉक्टर उपाशी मरतील! ते स्वतः रोज पितात. माझं काम झकास आहे. वनौषधींचे अर्क काचपट्टीवर चढवून तपासायचे, माल शुद्ध असेल तरच विक्रीसाठी सही द्यायची. जांभळ्या दिव्याखाली पानांतली फ्लॅवोनॉइड नावाची रंगद्रव्यं पिवळी चमकतात, आयोडीनच्या वाफेत स्निग्ध पदार्थ तपकिरी उमटतात. पट्टीला उघडं बोट मात्र लावायचं नाही, कातडीचं तेलही उमटतं.

८ सप्टेंबर
खोकल्याच्या काढ्याच्या नव्या मालात फ्लॅवोनॉइडचे ठिपके भलत्याच जागी आले. पानांत डिजिटॅलिस मिसळलंय, म्हणजे हृदय बंद पाडणारं विष. आणि आयोडीनमध्ये पट्टीवर एक अंगठा उमटला, तिरप्या व्रणाचा. मी तर हातमोजे घातले होते! पट्टी बदलली, तरी तोच.

लेइडाताई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, अगं बाई, हा हेल्वेचा! तुझ्या आधी तुझंच काम करणारी. गेल्या साली तिने असाच माल अडवला, तर उर्मासने तिची खोटी सही ठोकून तो विकला. माणसं मेली, खापर तिच्यावर फुटलं. तिने तोच काढा पिऊन जीव दिला.

असा संताप आला! त्याच्याच घशात ओतावा.

९ सप्टेंबर
उर्मासला पट्टी दाखवली. हसला मेला. म्हणाला, सही कर नाहीतर चालू पड, मग तुला दुसरीकडे कोण ठेवतं तेही बघतो.

केली सही. शेण खाल्लं. माल दुकानांकडे गेला.

१० सप्टेंबर
उर्मास संपला. खुर्चीतच. समोर नव्या मालाचा काढा, अर्धा प्यालेला. पेल्यावर तो अंगठा. बरं झालं! हेल्वे, चांगला उगवलास सूड.

दिवसभर खूश होते. मग आठवलं — या मालावर सही माझी आहे.

११ सप्टेंबर
लेइडाताई आल्या नाहीत. टेबलावर नव्या मालाच्या काढ्याचा वाफाळता पेला — मी केलेला नाही. माल थांबवा म्हणून दुकानांना फोन लावतेय — लागत नाही —

हेल्वे, ऐक ना गं, माझी नोकरी गेली असती —

पेला ओठांशी आलाय. हात माझाच, डावा. अंगठ्यावर तिरपा व्रण — मला असा व्रण कधीच नव्ह—